पायांचा शनिवार

मंगळवार, १ जानेवारी १९६३. अमरावती.
रोजनिशी आजपासून. वाचणारी मी एकटी, म्हणून खरे तेच लिहायचे.
संकल्प: रोज पाचला उठणे. नर्सिंगच्या इंग्रजी पुस्तकाचे रोज एक पान, डिक्शनरीसह. कोणावर चिडायचे नाही, विशेषतः चतुराबाईवर.
आज साडेसहाला उठले. परंतु संकल्प उठल्यानंतर केला, त्यामुळे तो मोडला असे धरता येत नाही.

बुधवार, २ जानेवारी.
सव्वासहा. प्रगती आहे. पान अर्धे झाले.
चतुराबाई आमच्या दवाखान्यात झाडू-पोछा करते. तिने आज माझ्या नव्या टोपीकडे पाहून विचारले, शिष्टर, डोक्यावर कागदाची होडी काहून ठेवता? चिडले नाही. फक्त दिवसभर तिच्याशी बोलले नाही.

शनिवार, ५ जानेवारी.
आजचा दिवस महत्त्वाचा. डॉ. मुळावकरांनी साखरेच्या आजाराच्या रोग्यांचे पाय माझ्याकडे सोपवले. म्हणाले, या आजारात पाय बधिर होतो. काटा जातो, कळत नाही. जखम होते, कळत नाही. कळते तेव्हा पाय कापायची वेळ आलेली असते. तर मनकर्णाबाई, दर शनिवारी प्रत्येकाचे तळवे पाहा. डोळे मिटायला सांगा, तळव्याला आधी कापूस लावा, मग टाचणी. कळले की नाही ते रजिस्टरात लिहा. आणि काळजी कशी घ्यायची ते शिकवा.
मी होय म्हटले. मग अडचण लक्षात आली.
छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, त्या दिवशी त्यांनी आम्हा भावंडांना समोर बसवून सांगितले होते, की आता कोणाच्या पायाशी बसायचं नाही, कोणापुढं वाकायचं नाही. तेव्हा मी सोळा वर्षांची होते. शब्द दिला आहे.
म्हणून डॉक्टरसाहेबांकडे उंच स्टूल मागितले. त्यांनी कारण विचारले तर मी पाठ दुखते म्हटले. हे खोटे झाले. पण संध्याकाळी पाठ थोडी दुखली, म्हणजे अगदीच खोटे नव्हे.

शनिवार, १२ जानेवारी.
पहिला शनिवार. अकरा रोगी.
व्यवस्था अशी: रोगी खुर्चीवर, मी समोर स्टुलावर, मधे लाकडी पाट, पाटावर त्यांचा पाय. कापसाचे दलाल जानरावजी पाटावर पाय ठेवून म्हणाले, बसवलं तं मोठ्या थाटात, आता ओवाळता काय? तळवा वर करा म्हटले तर एकदम गंभीर झाले. लेकीसारख्या पोरीसमोर तळवा करू? लाथ दाखवल्यासारखं होते बाई! बाकीच्यांनीही माना हलवल्या. त्यांना अवघड, मला अवघड. दोघांचीही अडचण एकच असेल तर तिला अडचण म्हणता येत नाही. टाचणी पायाच्या वरच्या बाजूला लावली. पाय तोच आहे.
डोळे मिटायला सांगितले की म्हाताऱ्या घाबरतात. तेही सोडले.
आणि कोण आले असेल! इंदूबाई. चांदूर रेल्वेच्या मुलींच्या शाळेतल्या माझ्या बाई. आता रिटायर होऊन इथे पुतण्याकडे राहतात. याच बाई बाबा हमाली करतात त्या कापसाच्या जिनिंगवर जाऊन त्यांना म्हणाल्या होत्या, किसनराव, पोरीला शाळेतून काढाल तर मी तुमच्या दारात बसेन. नाहीतर आज मी कापूस वेचत असते.
बाई आल्या तशी मी उभी राहिले. बस, म्हणाल्या. बसले. टाचणी काढली. बाई म्हणाल्या, दुखलं. टाचणी अजून टेकलीही नव्हती. वय त्रेसष्ट, पण बुद्धी इतकी तल्लख!
रजिस्टरात लिहिले: संवेदना उत्तम. अकराही जणांची उत्तम.

बुधवार, १६ जानेवारी.
दवाखान्यातून कापसाचा एक बोळा चुकून पदरात घरी आला. रात्रभर मनाला लागून राहिले. सकाळी जाऊन परत ठेवला. काम चोख पाहिजे.

शनिवार, १९ जानेवारी.
तळव्यांवर तोडगा सापडला. इतवारा बाजारातून एक आरसा आणला. पाटाशी जमिनीवर ठेवायचा, रोग्याने पाय उचलून स्वतःचा तळवा स्वतः आरशात पाहायचा आणि मला सांगायचा. कोणाचा अपमान नाही, कोणी वाकत नाही. याला मनात 'अमरावती पद्धत' असे नाव दिले आहे. अजून कोणाला सांगितलेले नाही.
जानरावजींनी आरशात दात पाहिले. इंदूबाईंनी मात्र नीट तळवा पाहिला आणि म्हणाल्या, स्वच्छ. बाईंच्या चष्म्याची एक काच तडकली आहे आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो आहे. तरी किती शिस्तीने पाहिले.
आणखी एक. मी नियम केला आहे की या रोग्यांनी दवाखान्यात वहाणा दाराशी काढायच्या नाहीत. चतुराबाईने यावर आकाशपाताळ एक केले. सारं गाव चिखलाच्या वहाणा घेऊन आत येईन अन् पुसीन कोण, तुमचा आरसा? तिला आरोग्याचे काहीच शिक्षण नाही.

मंगळवार, २२ जानेवारी.
नियमांचा तक्ता लिहिला. पाय रोज कोमट पाण्याने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, विटेने शेकू नका, कुरूप ब्लेडने कापू नका, अनवाणी चालू नका, असे एकूण अकरा. कागदावर जागा दहांची. दहा हा आकडा पाठ करायलाही सोपा. वहाण घालण्याआधी आत हात फिरवून पाहावा, हा अकरावा गाळला. तो तसाही सांगायची गरज नाही, कोणालाही समजतो.

शनिवार, २६ जानेवारी.
प्रजासत्ताक दिन, तरी दवाखाना चालू ठेवला. नियम पाठांतराची स्पर्धा घेतली. बक्षीस माझ्या पगारातून: मोटारीच्या टायरचा तळ असलेल्या मजबूत वहाणांचा जोड.
इंदूबाई पहिल्या. दहाही नियम एका दमात, स्वल्पविरामांसकट. अनवाणी चालू नका, म्हणाल्या तेव्हा जानरावजींनी मधेच विचारले, बाई, देवीच्या दर्शनाले? बाई म्हणाल्या, जानराव, तो प्रश्न नियमांत नाही. सगळे हसले.
बक्षीस बाईंनी दोन्ही हातांनी घेतले. शाळेत बाईंनी मला एकदा पेन्सिल बक्षीस दिली होती. त्या म्हणाल्या, फिटलं.

शनिवार, ९ फेब्रुवारी.
डॉक्टरसाहेबांनी रजिस्टर चाळले. म्हणाले, सगळ्यांची संवेदना उत्तम? आश्चर्य आहे. एवढे कौतुक त्यांनी आजवर कोणाचे केलेले ऐकले नाही. एप्रिलमध्ये ते नागपूरच्या वैद्यकीय परिषदेत आमच्या कामावर बोलणार आहेत. माझा तक्ताही नेऊ म्हणाले. नाव लिहू का खाली, हे विचारायचे धाडस झाले नाही. पेन्सिलीने लिहिले आहे, म्हणजे पुसता येईल.
उठण्याची वेळ: साडेसहा. पण रात्री उशिरापर्यंत तक्त्याला किनार काढत होते.

शनिवार, २३ फेब्रुवारी.
पाटावर डाग. पिवळट-तांबूस, सुपारीएवढा. चतुराबाईला दाखवला. म्हणाली, सकाळीच घासला शिष्टर, राखेनं. घासला असता तर डाग कसा राहील? चिडले नाही.

शनिवार, २ मार्च.
पुन्हा डाग, त्याच जागी. चतुराबाईला स्पष्ट सांगितले, की दर शनिवारी दुपारी हा डाग असतो म्हणजे दर शनिवारी सकाळी पाट घासला जात नाही. ती म्हणाली, शनवारी दुपारी असते म्हणजे शनवारी दुपारी येते. हा तर्क उलटा आहे.
इंदूबाई रोज वहाणा घालतात. घरातही. चुलीपाशीही. पुतणसून कुरकुर करते, पण बाई म्हणतात, माझ्या विद्यार्थिनीचा नियम आहे. ऐकून डोळे भरून आले.

मंगळवार, ५ मार्च.
पाच वाजून दहा मिनिटांनी उठले! नंतर पाहिले तर घड्याळ रात्रीच बंद पडले होते.

शनिवार, १६ मार्च.
खोलीत वास. उंदीर मेला असावा. चतुराबाईला कपाट हलवायला लावले. उंदीर नाही. ती म्हणाली, हा वास कपाटाचा नाही शिष्टर, हा खुर्चीचा आहे. मंग त्या खुर्चीवर कोण बसते ते पाहा ना. मी म्हटले, रोग्यांवर आळ घेणे बरे नव्हे. ती म्हणाली, आळ नाही घेऊन राहिली, वास घेऊन राहिली.
हे उद्धट आहे. लिहून ठेवले आहे, तारखेसह.

शनिवार, ३० मार्च.
इंदूबाई जरा थकल्यासारख्या वाटल्या. ताप आहे का विचारले. ऊन लागलं असेल, म्हणाल्या. लघवीची परीक्षा केली तर नळीतले निळे पाणी विटकरी लाल झाले. साखर फार वाढली आहे. बाई म्हणाल्या, पुतण्याच्या घरी साखरपुडा होता. हेच कारण. पायांचा प्रश्न नाही, पाय उत्तम आहेत. टाचणी दाखवली, म्हणाल्या, दुखलं. आरशात पाहिले, म्हणाल्या, स्वच्छ.
डाग आता रुपयाएवढा. जमिनीवरही. चतुराबाई म्हणते, डाव्या वहाणेचा ठसा आहे, एकाच बाईच्या. मी म्हटले, तू तुझे काम कर. ती म्हणाली, तेच करून राहिली, खाली बसून. तुमी बी एकदा खाली बसून पाहा, जग वेगळं दिसते.
सोमवारी लेखी तक्रार करणार.

शनिवार, ६ एप्रिल.
तक्रार दिली. दोन पाने, शुद्धलेखन तीनदा तपासले. 'सफाईकामातील हेळसांड व उद्धट भाषा' असा विषय. डॉक्टरसाहेब म्हणाले, ठेवा तिथे.
रजिस्टराची बेरीज केली. जानेवारीपासून एकशे सत्तेचाळीस वेळा पाय तपासले. संवेदना उत्तम: एकशे सत्तेचाळीस. जखमा: शून्य. तक्त्यावरचे नाव शाईने गिरवले.

शनिवार, १३ एप्रिल. दुपारी.
आज अक्षर चांगले येणार नाही.
इंदूबाई खुर्चीवर होत्या. चतुराबाई खुर्चीखाली पोछा मारत होती. मी तिला दोनदा सांगितले, की रोगी बसले असताना पुसू नकोस. ती गाल जमिनीला लागेल इतकी वाकली आणि तशीच राहिली. मग म्हणाली, शिष्टर, इकडं या. मी म्हटले, आता नाही. ती म्हणाली, मंग मी डॉक्टरले बलावते.
बाईंनी पाय लुगड्याखाली ओढला. चतुराबाईने ओल्या हातांनी घोटा धरला आणि तळवा फिरवला. म्हणाली, माय वो! यात तं बोट जाते.
मला स्टुलावरून फक्त चतुराबाईचा अंबाडा दिसत होता. काय आहे, विचारले. ती म्हणाली, तिथून नाही दिसत.
खाली उतरले. डाव्या अंगठ्याखाली चिंचोक्याएवढे भोक, आत काळे. पाटाशेजारी वहाण पडली होती. तळातून एक चूक, म्हणजे बारीक खिळा, वर आली होती, अर्ध्या नखाएवढी. घासून घासून चकचकीत झाली होती. मी बक्षीस दिलेला जोड.
मी टाचणी हातात घेतली. का घेतली ते आता सांगता येत नाही, सवयीने. बाई लगेच म्हणाल्या, दुखलं.
टाचणी माझ्या हातातच होती.
म्हटले, बाई, डोळे मिटा. बाईंना मी पहिल्यांदाच हुकूम सोडला. त्यांनी मिटले. जखमेच्या कडेला टाचणी टोचली, चांगली टोचली. बाई वाट पाहत राहिल्या. मग विचारले, झालं का सुरू?

तीच तारीख. संध्याकाळी.
बाईंना भरती केले. डॉक्टरसाहेबांनी मला बोलावले. रजिस्टर मागितले. पहिल्या पानापासून मोठ्याने वाचले: संवेदना उत्तम, संवेदना उत्तम, संवेदना उत्तम. आश्चर्य आहे, हा शब्द त्यांनी पुन्हा वापरला. त्याचा अर्थ फेब्रुवारीतही तोच होता असे आता वाटते.
मी तक्रार परत मागितली. ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घडी करून ठेवलेली होती. काढली तर टेबल हलते. राहू द्या, म्हणाले.
पाय राहील का विचारले. म्हणाले, सांगता येत नाही.

रविवार, १४ एप्रिल. जयंती.
बाबा चांदूरहून आले, पांढरा सदरा, खिशाला निळी फीत. मिरवणुकीला गेलो नाही. त्यांना सगळे सांगितले. शेवटी हेही सांगितले, की तुम्हाला शब्द दिला होता म्हणून मी कोणाच्या पायाशी बसले नाही.
बाबांनी पाण्याचा गिलास खाली ठेवला. मग म्हणाले, मी जिनावर दिवसभर गाठी उचलतो. त्या काय उभ्यानं उचलतो? वाकतोच ना. ते वाकणं येगळं अन् ते वाकणं येगळं. एवढं शिकली, अन् एवढं नाही समजलं? तुले लाज वाटत होती, पोरी. मले कायले मधात घेतलं?
मग जेवले. जेवताना एकदाच बोलले. इंदूबाई आपल्या घरी बी आल्या होत्या, तवा खाली बसल्या होत्या. मी खाट दिली होती, तरी.

गुरुवार, १८ एप्रिल.
काल ऑपरेशन झाले. अंगठा आणि शेजारचे बोट गेले. पाय राहिला.
भेटायला गेले. बाईंना विचारले, बाई, कळत नव्हते तर सांगितले का नाही? म्हणाल्या, बधिर आहे म्हटलं की गल्ली महारोग म्हणते. पुतण्याने पाण्याचा माठ वेगळा केला असता. मग म्हणाल्या, आणि तू टाचणी अशी धरायचीस, की उत्तर चुकलं तर रडशील. वर्गात मी तुला उत्तराची खूण करायचे, आठवतं? तसंच.
मला आठवते. मला वाटायचे मी हुशार आहे.
जाताना म्हणाल्या, अकरावा नियम होता का गं? दहावर थांबले की मला चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. खरे सांगितले. जागेअभावी, म्हटले. बाई म्हणाल्या, पाठीमागे लिहायचं असतं, मनकर्णे. कागदाला दुसरी बाजू असते.

शनिवार, २० एप्रिल.
डॉक्टरसाहेब नागपूरला गेले. तक्ता नेला नाही.
स्टूल काढून टाकले. खाली बसले. जानरावजी म्हणाले, काय वो बाई, पाया पडता काय? आशीर्वाद द्यायला हातही उचलला. म्हटले, डोळे मिटा आणि तळवा द्या. लाथ दाखवल्यासारखं, असे पुन्हा सुरू केले, तेव्हा म्हटले, दाखवा. दाखवली. टाचेत बाभळीचा काटा होता, मोडलेला, वरून कातडी धरलेली. म्हणाले, हा तं मैनाच्या लग्नातला असन. मैना त्यांची मुलगी. तिला दोन पोरे आहेत.
चौदा रोगी. पाच जणांना टाचणी कळली नाही. दोन जखमा. रजिस्टरात खरे लिहिले. अक्षर बरे नाही.

शनिवार, ४ मे.
साडेसहाला उठले. हीच माझी वेळ आहे, असे धरावे.
तक्त्याच्या मागच्या बाजूला अकरावा नियम लिहिला आणि तक्ता उलटा टांगला. आता भिंतीवर एकच नियम दिसतो. माझे नाव भिंतीकडे गेले.
इंदूबाई पुढच्या आठवड्यात घरी जातील. नव्या वहाणा पुतण्या आणणार आहे. बाईंनी सांगितले आहे, की बक्षीस नको.
सोळा रोगी पाहून संपले तरी उठवेना, पाठ खरोखर दुखत होती. चतुराबाई बादली घेऊन आली. म्हणाली, शिष्टर, खाली बसल्याच आहा तं पोछा बी मारून घ्या.
संकल्प आठवला. चिडले नाही. मारला.
मग पाट घासायला घेतला. डाग निघेना. ती म्हणाली, राखेनं घासा. मी दोन महिने तेच करून राहिली होती.
राखेने घासला. निघाला नाही.